एक टीव्ही, दोन भाषा, चार आवडी: सीमाभागातील घरात संध्याकाळचे वेळापत्रक कसे बसवावे

संध्याकाळी सात ते दहा या तीन तासांत घरातील प्रत्येकाला टीव्ही हवा असतो, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात त्या मागणीला भाषेचाही एक पदर असतो. सासूबाईंना मराठी मालिका हवी असते, गोकाक किंवा बैलहोंगल माहेर असलेल्या सुनेला कन्नड वाहिनीवरील गाण्यांची स्पर्धा चुकवायची नसते, मुलगा हिंदी विनोदी मालिकेचे जुने भाग कितव्यांदा तरी पाहत असतो, आणि सासऱ्यांचे म्हणणे एवढेच असते की काहीही लावा, पण आरडाओरडा कमी असू द्या. हे मार्गदर्शन अशा घरांसाठी आहे. कोणता कार्यक्रम चांगला आणि कोणता टाकाऊ याचा निवाडा येथे केलेला नाही. तसा निवाडा करून कोणत्याही घरातला रिमोटचा वाद मिटल्याचे ऐकिवात नाही. वाद बहुधा आवडीचा नसून वेळेचा असतो, आणि वेळेच्या वादावर उपाय करता येतो.

कोण कसे पाहते, हे आधी ओळखावे

वेळापत्रक आखण्यापूर्वी आठवडाभर घरातील माणसे टीव्ही कसा पाहतात याकडे नुसते लक्ष द्यावे. “तुम्हाला काय आवडते?” असे थेट विचारू नये, कारण या प्रश्नाला माणूस सभ्य उत्तर देतो, बातम्या, कीर्तन, माहितीपर कार्यक्रम अशी नावे पुढे येतात आणि रात्री नऊ वाजता तोच माणूस ‘बिग बॉस’मधील भांडणासमोर ताट घेऊन बसलेला दिसतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही, पण वेळापत्रक खऱ्या सवयीवर बसवायचे असते, सांगितलेल्या सवयीवर नाही.

सर्वांत उपयोगी भेद भाषेचा नाही. कार्यक्रम डोळ्यांनी पाहिला जातो की कानांनी, हा आहे. निपाणीत घरी विड्या वळणाऱ्या बाईचे उदाहरण घ्यावे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा. तिची नजर बोटांवर असते आणि टीव्ही कानावर पडत असतो. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे मान वर करणे म्हणजे हात थांबवणे. तिला संवादांवर चालणारी मालिका सोयीची पडते, कारण तिथे पात्रे घडलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा बोलून दाखवतात. शहरी प्रेक्षक ज्या पाल्हाळाला नावे ठेवतो, तोच पाल्हाळ हातात काम असलेल्या माणसाच्या उपयोगी येतो. उलट चेहऱ्यावरचे हावभाव, वेशांतर आणि धडपड यांवर उभे असलेले प्रहसन तिच्या कामाचे नाही. सगळे हसले की तिला काय झाले ते विचारावे लागते.

बेळगाव शहरातील वडगाव, खासबाग, शहापूर भागातील यंत्रमागाच्या घरात नेमके उलट घडते. पलीकडच्या खोलीत माग चालू असेल तर संवाद ऐकू येत नाहीत, आणि आवाज कितीही वाढवला तरी मागाचा खडखडाट त्यावर कुरघोडी करतोच. अशा घरात नृत्याची स्पर्धा, प्रहसन किंवा ज्यात गुण आणि निकाल पडद्यावर लिहून येतात असा कार्यक्रम नुसता पाहूनही कळतो. हीच माणसे माग बंद झाल्यावर मालिका आवडीने ऐकतील. म्हणजे एकाच माणसाची आवड कामाच्या वेळेप्रमाणे बदलते, आणि “आमच्या मामांना मालिका आवडतच नाही” असे विधान करण्यापूर्वी मामा ती मालिका केव्हा आणि कोणत्या खोलीतून पाहत होते हे तपासलेले बरे.

तिसरा प्रकार सोबतीचा. काही वडीलधाऱ्यांना घरात कुणाचा तरी आवाज हवा असतो, कार्यक्रम कोणता याला फारसे महत्त्व नसते. मुख्य वेळेत त्यांच्यासाठी वेगळा अर्धा तास राखण्याची गरज नाही. दुपारची पुनःप्रक्षेपणे त्यांना पुरतात. मात्र रात्री सगळ्यांसोबत बसण्याचा त्यांचा हक्क काढून घेऊ नये.

वाद भाषेचा आहे की कार्यक्रमाच्या प्रकाराचा

सीमाभागात रिमोटचा वाद फार लवकर भाषेवर घसरतो, आणि एकदा तो तिथे गेला की टीव्हीपुरता राहत नाही. म्हणून कन्नड कार्यक्रमाला नकार देणारा माणूस भाषेला नकार देत आहे की त्या प्रकारच्या कार्यक्रमालाच, हे वेगळे काढावे. यासाठी सोपी कसोटी उपलब्ध आहे: अनेक कार्यक्रमांचा साचा दोन्ही भाषांत एकच आहे. ‘सा रे ग म प’ झी मराठीवरही झाले आणि झी कन्नडवरही. ‘बिग बॉस’ कन्नडमध्ये २०१३ पासून आणि मराठीत २०१८ पासून आहे. प्रश्नमंजूषेचा करोडपतीचा खेळ कन्नडमध्ये २०१२ साली पुनीत राजकुमार यांनी सादर केला आणि पुढच्याच वर्षी मराठीत सचिन खेडेकर यांनी. ज्यांना मराठी ‘बिग बॉस’ आवडत नाही त्यांना कन्नडही आवडणार नाही. त्यांचा आक्षेप भांडणांना आहे, भाषेला नाही. ज्यांना मराठी गाण्यांची स्पर्धा आवडते त्यांच्यापुढे कन्नड स्पर्धेचे दोन भाग ठेवून पाहावेत. गाणे ऐकताना शब्द थोडे निसटले तरी सूर लागला की चुकला हे कळते, त्यामुळे ही पायरी सर्वांत सोपी.

मालिकांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. झी मराठीवरील २०१८ सालच्या ‘तुला पाहते रे’ या मालिकेवरून झी कन्नडवर २०१९ मध्ये ‘जोते जोतेयली’ आली. सासूचे लग्न सुनेने लावून देण्याची ‘अग्गंबाई सासूबाई’मधील गोष्ट ‘श्रीरस्तु शुभमस्तु’ या नावाने कन्नडमध्ये गेली. ‘आई कुठे काय करते’ आणि हिंदी ‘अनुपमा’ या दोन्हींचे मूळ ‘श्रीमोयी’ ही बंगाली मालिका. सासू आणि सून वेगवेगळ्या भाषांत एकच कथा पाहत असतील, तर जेवताना बोलायला विषय आयता मिळतो. मूळ मालिका पाहिलेल्या व्यक्तीने पुढचे फोडायचे नाही, एवढी अट आधीच घालून घ्यावी. कन्नड नीट न येणाऱ्यालाही ओळखीच्या कथेचा आधार मिळतो, आणि महिन्याभरात पात्रांचे बोलणे पुष्कळसे कळू लागते. तालुक्याच्या कचेरीत त्याचा होणारा उपयोग हा वेगळा लाभ.

येथे एक अडचण नोंदवली पाहिजे. आपल्या बाजारात, बसमध्ये आणि शेजारी जी कन्नड कानावर पडते ती उत्तर कर्नाटकाची. मालिकांतील बोली बहुतांशी बंगळूर-म्हैसूरकडची. त्यामुळे गोकाकच्या भाजीवालीचे बोलणे सहज समजणारा माणूस मालिकेपुढे गोंधळतो. अशा माणसाने आरंभ प्रहसनांपासून करू नये. ‘कॉमेडी खिलाडीगळु’सारख्या कार्यक्रमात उत्तरेकडच्या बोलीचे नमुने अधूनमधून येतात आणि तेवढ्यापुरते तो खळखळून हसतोही, पण बाकीचा विनोद शब्दांच्या कोट्यांवर असल्याने हातून निसटतो. पाहुण्याच्या आयुष्याचा पट उलगडणारा ‘वीकेंड विथ रमेश’सारखा कार्यक्रम त्यापेक्षा बरा, तेथे बोलणे संथ असते आणि पाहुण्याचे जुने शिक्षक किंवा लांबचे नातलग अचानक समोर आले की काय घडते आहे ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

वाहिन्यांचा हिशेब

वेळापत्रक कितीही चांगले असले तरी वाहिनीच घरात येत नसेल तर ते व्यर्थ आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दररचना १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत स्वतंत्रपणे जाहीर करणे व ती वाहिनी सुटीही उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. सीमाभागातील ग्राहकासाठी हा नियम फार महत्त्वाचा आहे. कर्नाटकातील पत्त्यावर डिश घेतली की विक्रेता सहसा कन्नड वाहिन्यांचे पॅकेज सुचवतो. त्यावर मराठीचे दुसरे पूर्ण पॅकेज चढवले की महिन्याचा खर्च वाढतो आणि न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांचीच गर्दी होते. त्याऐवजी एका भाषेचे पॅकेज ठेवून दुसऱ्या भाषेतील खरोखर पाहिल्या जाणाऱ्या दोन-तीन वाहिन्या सुट्या घ्याव्यात आणि बेरीज करून पाहावी. प्रत्येक वेळी हेच स्वस्त पडेल असे नाही, कारण पॅकेजमध्ये सूट असते. पण बेरीज न करता ‘सगळे द्या’ म्हणणे हा हमखास महागडा मार्ग आहे. एकच वाहिनी साध्या आणि एचडी अशा दोन्ही रूपांत चालू नाही ना, हेही पाहावे. केबल असेल तर ही बोलणी केबलवाल्याशी महिना संपण्याआधी करावीत. पैसे न्यायला आलेल्या मुलाला दारात उभे करून पॅकेज बदलता येत नाही.

ज्यांना महिन्याचे पैसे द्यायचे नाहीत त्यांच्यासाठी दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे. तिच्यावर डीडी सह्याद्री आणि डीडी चंदना या दोन्ही भाषांच्या वाहिन्या मिळतात. खासगी वाहिन्यांची यादी लिलावानुसार बदलत असल्याने, एखाद्या आवडत्या मालिकेसाठी फ्री डिश घेण्याचा विचार असेल तर ती वाहिनी त्या यादीत सध्या आहे का, एवढे दुकानात चालू संचावर पाहून घ्यावे.

घरी आल्यावर सेट-टॉप बॉक्समधील ‘फेव्हरिट’ यादीत घरातल्या सगळ्या वाहिन्या एकत्र भराव्यात. मराठी आणि कन्नड वाहिन्यांचे क्रमांक एकमेकांपासून लांब असतात, आणि सत्तरीतील माणसाला चार आकडी क्रमांक दाबत बसावे लागले की तो रिमोट दुसऱ्याच्या हाती देऊन टाकतो. अनेक घरांत आजोबांची आवड कुणाला ठाऊक नसते, त्याचे कारण कधीकधी इतके साधे असते.

वेळापत्रक

आता कागद घ्यावा. प्रथम जे कार्यक्रम त्याच वेळी पाहण्यातच मजा आहे ते लिहावेत: क्रिकेटचा सामना, स्पर्धेची अंतिम फेरी, ‘बिग बॉस’मध्ये कोण बाहेर पडणार तो भाग. हे आधी बसवावेत, कारण दुसऱ्या दिवशी निकाल वृत्तपत्रात आणि फोनवर आलेला असतो. दैनंदिन मालिका दुसऱ्या क्रमांकावर. तिचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवला जातो आणि ॲपवरही मिळतो. प्रहसनांचे कार्यक्रम शेवटी, कारण त्यांचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो आणि महिन्याने पाहिला तरी शिळा वाटत नाही.

स्वयंपाकघराची वेळ कागदावर स्वतंत्र लिहावी. साडेसात ते साडेआठ या वेळेत ज्या बाईचे हात भाकरीच्या पिठात असतात, तिच्या नावावर तीच वेळ टाकून “तुला तुझा तास दिला” असे म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. शेतीच्या घरांत पंपाच्या विजेची पाळीही पाहावी लागते. रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला नऊचा अर्धा तास देऊन उपयोग नाही. बोलणे सरळ असावे. “आत्या, तुमचं साडेआठपर्यंत होऊ दे की, मग माझं लावतो,” असे सुनेने म्हणावे आणि सासूबाईंनी साडेआठला स्वतः रिमोट पुढे करावा. जाहिरातींच्या वेळात वाहिनी बदलून पाहण्याची सवलत मात्र कुणालाही देऊ नये. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती असू शकतात, आणि त्या वेळात दुसरीकडे गेलेला माणूस वेळेवर परत येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

एकत्र पाहण्याचा तास

आठवड्यातून एक तास सगळ्यांनी मिळून पाहावा, असे सुचवावेसे वाटते; रोज नको. त्यासाठी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीचा कार्यक्रम शोधू नये, कारण तो नसतोच. ज्याला कुणाचाही ठाम विरोध नाही असा शोधावा. विनोदी कार्यक्रम या कामी सर्वांत सोपा वाटतो आणि तोच सर्वांत अवघड असतो. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झाले; त्यातील पत्रवाचनावर डोळे पुसणारे प्रेक्षक आणि पुरुषांनी साडी नेसून केलेल्या विनोदाला कंटाळलेले प्रेक्षक एकाच घरात होते. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून सुरू झाली. त्यातील काही प्रहसने मुंबईच्या चाळीवर, लोकलवर किंवा कार्यालयावर बेतलेली असतात आणि बेळगावातून मुंबई न पाहिलेल्या माणसाला त्यातला अर्धा विनोद दुरूनच ऐकू येतो. कोकणी, वऱ्हाडी बोलींवरचा विनोद त्याला रुचतो, आपल्या बाजूच्या बोलीची नक्कल मात्र रुचत नाही. यात दोष कुणाचाच नाही. विनोदाला आधी ओळख लागते, आणि ओळख प्रत्येकाची वेगळी.

म्हणून एकत्र तासासाठी प्रश्नमंजूषा किंवा गाण्यांची स्पर्धा निवडावी, असे माझे मत आहे. प्रश्नाचे उत्तर नातवाला आधी येते की आजोबांना, याची चुरस कार्यक्रमापेक्षा रंगते, आणि पडद्यावरचे पर्याय कन्नडमध्ये असले तरी कुणीतरी वाचून दाखवतो. ‘होम मिनिस्टर’ २००४ पासून इतकी वर्षे घरोघरी चालला, त्यामागेही हेच कारण असावे: पैठणी कुणाला मिळणार याचा अंदाज बांधायला कुठल्याही अभ्यासाची गरज नव्हती. विनोदी कार्यक्रम निवडायचाच असेल तर पूर्ण भाग न लावता, घरातील प्रत्येकाने आपल्या आवडीचे एकेक प्रहसन यूट्यूबवरून निवडावे. दहा मिनिटांचे असल्यामुळे न आवडणाऱ्यालाही ते सोसते.

दुसऱ्याचा कार्यक्रम चालू असताना

येथे नियम थोडेच आहेत, पण ते मोडले की वेळापत्रकाचा कागद फाडला जातो. दुसऱ्याच्या अर्ध्या तासात त्याच्या कार्यक्रमाची टिंगल करू नये. “रोज तेच ते रडणे” हे वाक्य मालिकेला उद्देशून असले तरी ते पाहणाऱ्याला लागते. कथा कळत नसेल तर विश्रांतीच्या वेळी विचारावी. कन्नड कार्यक्रमाचा अर्थ सांगणाऱ्याने वाक्यावाक्याचे भाषांतर करू नये. भाग संपल्यावर दोन वाक्यांत सांगावे. आपल्याला पाहायचे नसेल तर उठून जाण्याची मुभा प्रत्येकाला असावी, आणि उठून गेल्याचा राग कुणी धरू नये.

मोबाईल, दुसरा संच आणि वीज

दुसरा टीव्ही घेणे हा उपाय लोकांना पहिल्यांदा सुचतो. खोल्या पुरेशा असतील आणि परीक्षेची मुले घरात असतील तर तो योग्यही आहे, पण त्याचे वेगळे शुल्क किती पडते ते आधी विचारावे, आणि एकत्र तास तेवढा पहिल्याच संचावर ठेवावा. मोबाईल स्वस्त पडतो. झीच्या मराठी आणि कन्नड दोन्ही वाहिन्यांचे कार्यक्रम झी५ वर, स्टार आणि कलर्सचे जिओहॉटस्टारवर, तर सोनी मराठीचे सोनी लिव्हवर मिळतात, त्यामुळे घरात सर्वांत जास्त कोणते समूह पाहिले जातात ते बघून एकच सशुल्क ॲप घ्यावे. काही ॲपवर पैसे भरणाऱ्याला मालिकेचा भाग टीव्हीच्या आधी पाहायला मिळतो. असे पाहणाऱ्याने रात्री तोंड बंद ठेवावे. मोबाईलवर पाहणाऱ्याने कानात इअरफोन घालावा. एकाच खोलीत दोन भाषांचे दोन आवाज चालू झाले, तर त्यातला एकही धड ऐकू येत नाही.

हे वेळापत्रक कायमचे नसते. आयपीएलच्या महिन्यांत संध्याकाळचे सामने साडेसातला सुरू होतात आणि सगळ्या मालिकांच्या वेळेवर आदळतात. तेव्हा सामन्याचा पहिला डाव मोबाईलवर आणि दुसरा टीव्हीवर अशी वाटणी बहुतेक घरांत चालू शकते. गणपतीत पाहुणे येतात, तेव्हा कागद बाजूला ठेवावा. मोठी मालिका संपली की तिची वेळ आपोआप त्याच व्यक्तीकडे राहू देऊ नये. नव्याने बोलून ठरवावे. हेस्कॉमची वीज गेली आणि कुणाचा अर्धा तास अंधारात गेला, तर तो पुढच्या माणसाच्या वेळेतून कापून घेता येणार नाही. त्याने दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रक्षेपण पाहावे, आणि त्या वेळी टीव्ही त्याच्यासाठी मोकळा ठेवण्याची जबाबदारी बाकीच्यांनी घ्यावी.